मित्रांसोबत स्क्रीन शेअर करायचीय? सेशन लावण्यापासून बंद करण्यापर्यंत सगळं

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, कॉलेज सांगलीचं, आता आम्ही दोघी पुण्यात, एक नाशिकला, एक अजून सांगलीतच, एक दुबईत आणि एक न्यू जर्सीला. दर शनिवारी रात्री नऊला ऑनलाईन भेटतो आणि नुसत्या गप्पा नाही मारत, कुणीतरी स्क्रीन शेअर करतंच. सांगलीवाला हळदीच्या शेताचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ दाखवतो, दुबईवाल्याने मागे घराच्या कर्जाचं एक्सेल उघडून सगळ्यांना हप्त्याचा हिशोब समजावून सांगितला, कधी ट्रेकचा रूट नकाशावर बघतो, कधी गेम खेळतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू केलेलं अजून चालू आहे आणि होस्ट, म्हणजे सेशन लावणारी, पहिल्यापासून मीच, त्यामुळे काय काय बिघडतं आणि ते कसं सुधारायचं हे आता पाठ झालंय, तेच इथे लिहितेय.

एक गोष्ट आधी सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सेशन लावताना ज्याच्याकडे भारी लॅपटॉप आणि फायबर आहे त्याचा विचार करायचा नाही. आमची नाशिकवाली मोबाईलवरून जॉईन होते, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर, आणि तिच्याकडे रेंज फक्त गॅलरीत येते म्हणून गॅलरीत खुर्ची टाकून बसते. तिला नीट दिसलं आणि ऐकू आलं की बाकी पाच जणांना आपोआप दिसतं. तुमच्या ग्रुपमध्येही असं कुणीतरी असणारच, ते कोण हे आधी ओळखा.

ॲप कोणतं घ्यायचं

दोघातिघांचं छोटं काम असेल, म्हणजे आईला फोनमधली सेटिंग दाखवायचीय किंवा मैत्रिणीला रेल्वेचं तिकीट काढताना मदत करायचीय, तर व्हॉट्सॲपच घ्या, उगाच दुसरं काही डाऊनलोड करायला लावू नका. व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, जून २०२४ मध्ये स्क्रीनसोबत आवाज जायची सोयही आली, आणि एका कॉलवर ३२ जण बसतात. व्हिडिओ कॉल लावायचा, खालच्या पट्टीत किंवा तीन टिंबांत शेअर स्क्रीन सापडतं, ते दाबायचं, फोन परवानगी विचारेल ती द्यायची. बस.

पण ग्रुपमधलं कुणी दुबई-अबुधाबीला असेल तर व्हॉट्सॲप कॉलचा विचार सोडून द्या. यूएईमध्ये व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, फोटो जातात, कॉल मात्र चालत नाहीत, फेसटाईमचंही तेच. झूम आणि गूगल मीट तिथे चालतं. हे माहीत नसल्याने लोक तासभर एकमेकांचं नेट तपासत बसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गूगल मीटचा मोठा फायदा म्हणजे लॅपटॉपवरून येणाऱ्याला काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, ब्राउझरमध्ये लिंक उघडली की आत. होस्टने ॲड्रेस बारमध्ये मीट डॉट न्यू टाईप केलं की नवी मीटिंग लगेच तयार होते, ती लिंक ग्रुपवर टाकायची. फ्री अकाउंटवर दोघंच असाल तर २४ तासांपर्यंत बोला, तीन किंवा जास्त असाल तर ६० मिनिटं, आणि ५५ व्या मिनिटाला सूचना येते. झूमवर फ्रीमध्ये ४० मिनिटं. लोकांची मर्यादा दोन्हीकडे १०० आहे, मित्रांच्या ग्रुपला ती कधीच लागत नाही. कधी झूमवर असलो तर ४० मिनिटं संपली की आम्ही चहाला उठतो आणि पुन्हा जॉईन होतो, खरंतर तेवढा ब्रेक डोळ्यांना हवाच असतो.

गेम खेळणारे असाल, किंवा तासन्तास बसायचं असेल, तर डिस्कॉर्ड, हेही गप्पा आणि कॉलचंच ॲप. तिथे मिनिटांचं बंधन नाही. एकदा सर्व्हर (आपल्या ग्रुपची जागा) तयार करून त्यात व्हॉइस चॅनल (बोलायची खोली) केलं की ती कायमची खोली झाली, ज्याला वाटेल तो येऊन बसतो, आणि एकाच वेळी दोघंतिघं आपापली स्क्रीन दाखवू शकतात, बघणारा हवी ती उघडतो. फ्रीमध्ये चित्राची स्पष्टता ७२० पी आणि वेग सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत जातो, त्याच्यावर हवं असेल तर पैसे भरावे लागतात, पण मोबाईलवर बघणाऱ्याला ७२० पी भरपूर होतं. अडचण एवढीच की ज्यांनी कधी डिस्कॉर्ड पाहिलं नाही त्यांना पहिल्यांदा गोंधळायला होतं. आमच्यात चौघांना जमलं, दोघांना नाही आवडलं, म्हणून आम्ही मीटवर आहोत. ॲप मतदानाने नका ठरवू, ज्याला सगळ्यात कमी जमतं त्याला जे जमेल ते घ्या.

आदल्या दिवशी काय करायचं

ज्या यंत्रावरून शेअर करणार त्यावरून एकदा खरोखर शेअर करून बघा. मॅकवाल्यांनी तर नक्कीच, कारण मॅकमध्ये पहिल्यांदा स्क्रीन शेअर करायला गेलं की सिस्टीम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि ती दिली की ॲप बंद करून परत उघडावं लागतं, म्हणजे ऐन सेशनमध्ये होस्टच कॉलमधून बाहेर आणि बाकी पाच जण एकमेकांची तोंडं बघत बसलेले. आयफोनवरून शेअर करायचं तर स्टार्ट ब्रॉडकास्ट दाबल्यावर तीन-दोन-एक मोजून मग शेअर सुरू होतं, अँड्रॉइडवर स्टार्ट नाऊसारखा प्रश्न येतो, आणि नव्या अँड्रॉइडमध्ये पूर्ण स्क्रीन की एकच ॲप असंही विचारतात. एकच ॲप निवडा, कधीही तेच बरं.

ट्रायल कुणासोबत करायची? दुसऱ्या फोनवरून स्वतःच जॉईन व्हा. मी आईचा फोन घेते, वायफाय बंद करते, मोबाईल डेटावर जॉईन होते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बघते. दुसऱ्या खोलीत यासाठी की दोन्ही यंत्रं जवळ असली की स्पीकर आणि माईकमध्ये शिट्टी वाजायला लागते. पाच मिनिटांत कळतं की अक्षर किती बारीक दिसतंय, आवाज जातोय का.

अर्धा तास आधी

इथे लोक आळस करतात आणि इथेच पश्चात्ताप होतो. माझ्या बाबतीत असं झालं की फोटो दाखवत होते आणि कोपऱ्यात बँकेचा मेसेज आला, खात्यात किती शिल्लक आहे त्यासकट. मित्रच होते, कुणी काही बोललं नाही, पण मला पुढचा अर्धा तास सुचत नव्हतं. तेव्हापासून हा क्रम मी मोडत नाही:

विंडोज असेल तर नोटिफिकेशन बंद करते, विंडोज ११ मध्ये डू नॉट डिस्टर्ब, विंडोज १० मध्ये फोकस असिस्ट. फोनवर डू नॉट डिस्टर्ब. व्हॉट्सॲप वेब आणि मेलचे टॅब पूर्ण बंद, नुसते लपवायचे नाहीत. शक्य असेल तर ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाईल उघडते, त्यात माझी हिस्टरी नसते, म्हणजे ॲड्रेस बारमध्ये एक अक्षर टाईप केलं की खाली आधी उघडलेल्या साईटची यादी येते तो प्रकार होत नाही. डेस्कटॉपवर आधारकार्डाचा स्कॅन, पगाराची स्लिप असलं काही पडलेलं असेल तर फोल्डरमध्ये टाकते. जे दाखवायचंय ते सगळं आधीच उघडून क्रमाने लावून ठेवते. लॅपटॉप चार्जिंगला. आणि ज्यांनी डिस्कॉर्ड घेतलंय त्यांच्यासाठी तिथे स्ट्रीमर मोड नावाची सेटिंग आहे, ईमेलसारखी खाजगी माहिती ती लपवते.

शेअर कसं करायचं: टॅब, विंडो की पूर्ण स्क्रीन

मीटवर खाली बाण असलेलं चौकोनी बटण, झूमवर खालच्या पट्टीत शेअर, डिस्कॉर्डवर व्हॉइस चॅनलमध्ये गेल्यावर खाली स्क्रीनचं चिन्ह. दाबलं की काय दाखवायचं ते विचारतात. ब्राउझरमधलं काही असेल, यूट्यूब, नकाशा, गूगल फोटोज, तर टॅब. एकच सॉफ्टवेअर असेल, एक्सेल किंवा फोटोशॉप, तर विंडो. पूर्ण स्क्रीन सगळ्यात शेवटी, जेव्हा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात सारखं जायचंय तेव्हाच.

विंडो शेअरची एक खोड लक्षात ठेवा. कधीकधी त्या विंडोतून उघडणारा मेनू किंवा फाईल निवडायचा बॉक्स समोरच्यांना दिसतच नाही, कारण कॉम्प्युटरसाठी ती वेगळी विंडो असते. तुम्ही म्हणताय इथे क्लिक करा, इथे म्हणजे कुठे ते त्यांना कळत नाही. काही शिकवायचं असेल तर म्हणूनच पूर्ण स्क्रीन बरी पडते, पण मग वरची सगळी सफाई झालेलीच हवी. आणि पूर्ण स्क्रीन दाखवताना मीटची विंडो समोर उघडी ठेवली तर आरशात आरसा दिसावा तसं स्क्रीनच्या आत स्क्रीन, तिच्या आत अजून स्क्रीन असं दिसायला लागतं. घाबरू नका, मीटची विंडो खाली करा, जातं.

शेअर सुरू झालं की सगळे विचारतात ते मीही विचारायचे, दिसतंय का? आणि सगळे म्हणतात हो दिसतंय. या उत्तराला काही अर्थ नाही, मोबाईलवर काहीतरी हलताना दिसलं तरी माणूस भिडेखातर हो म्हणतो. आता मी नाशिकवालीला म्हणते, वरच्या डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाच. तिने वाचलं तर पुढे जायचं. नाही वाचता आलं तर ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून १५० टक्के झूम करायचं, एक्सेलमध्ये कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवायचं. दुबईवाल्याचं कर्जाचं एक्सेल चौदा कॉलमचं होतं, तिच्या फोनवर नुसत्या मुंग्या. मग त्याने हप्ता, व्याज, मुद्दल आणि शिल्लक एवढे चारच कॉलम ठेवले, बाकी लपवले, २०० टक्के झूम केलं, आणि तेव्हा कुठे तिने विचारलं की अरे पहिल्या वर्षी मुद्दल एवढं कमी का फिटतंय. चर्चा खरी तिथून सुरू झाली.

आवाज

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. स्क्रीनचा आवाज आणि तुमच्या माईकचा आवाज या दोन वेगळ्या वाटा आहेत. आवाज शेअर करायचं बटण चालू केलं नाही तर व्हिडिओ तुमच्या स्पीकरवर वाजतो, तो हवेतून तुमच्या माईकमध्ये जातो आणि तिथे ॲपमधलं आवाज गाळणारं फिल्टर बसलेलं असतं, जे माणसाचं बोलणं ठेवतं आणि बाकीचं, पंखा, कुकरची शिट्टी आणि गाणंसुद्धा, गोंगाट समजून कापायला बघतं. म्हणून गाणं तुटक-तुटक, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं आणि सगळे म्हणतात नेट स्लो आहे. बऱ्याचदा नेटचा काही संबंध नसतो.

मीटवर सगळ्यात भरवशाचं म्हणजे टॅब शेअर करणं आणि त्याच खिडकीत टॅब ऑडिओचं बटण चालू आहे ना ते बघणं. झूमवर शेअर दाबल्यावर खाली शेअर साउंडची चौकट येते, ती टिक करायची. तिच्या जवळच ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप असतं, व्हिडिओ दाखवताना चालू करा म्हणजे चित्र अडखळत नाही, पण एक्सेल किंवा अक्षरं दाखवताना बंद करा कारण त्यात अक्षर पुसट होतं. डिस्कॉर्डमध्येही तसेच दोन पर्याय आहेत, चित्र गुळगुळीत की अक्षर स्पष्ट, जे दाखवताय त्याप्रमाणे निवडायचं.

व्हिडिओचा आवाज प्लेअरमध्ये निम्म्याच्या खाली ठेवा, मी तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवते, नाहीतर मध्ये कुणी बोललं तर ऐकूच येत नाही.

इअरफोन सगळ्यांनी लावायचे, नुसत्या होस्टने नाही. एकानेही स्पीकरवर ठेवलं तर व्हिडिओचा आवाज त्याच्या माईकमधून परत येतो आणि सगळ्यांना प्रतिध्वनी ऐकू येतो, आणि गंमत म्हणजे ज्याच्यामुळे येतोय त्याला तो ऐकू येत नाही. शोधायचं सोपं आहे, एकेकाला म्यूट करत जा, ज्याला म्यूट केल्यावर थांबला तो. आणि ब्लूटूथपेक्षा साधे वायरचे इअरफोन घ्या. बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनमध्ये माईक चालू झाला की ते फोन कॉलच्या मोडवर जातात आणि आवाज एकदम बारीक, डबडा होतो, महागडे असले तरी.

उशीर ही अजून एक गोष्ट. आवाज तिकडे पोचायला थोडा वेळ लागतो, तिकडून परत यायला थोडा. अंताक्षरी चालते कारण एकामागून एक गातात. पण पहिल्या वर्षी गणपतीत आम्ही सगळ्यांनी मिळून आरती म्हणायची ठरवलं आणि टाळ्याच जुळेनात, प्रत्येकाला दुसरा मागे पडतोय असं वाटत होतं आणि प्रत्येकजण थांबत होता, शेवटी सुखकर्ता दुःखहर्ता दोन कडव्यांतच थांबलं. आता एकाच घरचा माईक चालू ठेवतो, बाकी सगळे म्यूट करून आपापल्या घरी त्यांच्यासोबत म्हणतात. प्रत्येकाला स्वतःचा आवाज आणि ती आरती बरोबर जुळलेली ऐकू येते.

नेट किती लागतं

होस्टसाठी डाऊनलोडपेक्षा अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारं, महत्त्वाचं. आपण स्पीड म्हणून जो आकडा सांगतो तो बहुधा डाऊनलोडचा असतो. फास्ट डॉट कॉम उघडा, आकडा आला की शो मोअर इन्फो दाबा, मग अपलोड दिसतं. झूमच्याच हिशोबाप्रमाणे ग्रुपमध्ये ७२० पी व्हिडिओ पाठवायला २.६ एमबीपीएस आणि बघायला १.८ एमबीपीएस लागतं (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट). १.८ चा तासाचा हिशोब केला तर साधारण ८०० एमबी होतात. दोन तास बसलो तर नाशिकवालीचा दिवसाचा दीड जीबी संपला आणि वर गेला.

आता दुसरी बाजू बघा. त्याच झूमच्या आकड्यांत, कॅमेरे नसतील आणि नुसती स्क्रीन शेअर असेल तर ५० ते ७५ केबीपीएस (एमबीपीएसचा हजारावा भाग) पुरतं. तासाला ३५ एमबीच्या आत. एवढा फरक. स्थिर पान, फोटो, एक्सेल याला फार डेटा लागत नाही, डेटा खातात ते सगळ्यांचे चेहरे आणि हलणारा व्हिडिओ. म्हणून आमचा नियम असा की पहिली दहा मिनिटं कॅमेरे चालू, सगळ्यांनी एकमेकांना बघून घ्यायचं, न्यू जर्सीवालीची मुलगी किती मोठी झाली ते बघायचं, आणि शेअर सुरू झालं की कॅमेरे बंद.

होस्टच्या घरी वायफाय असेल तर राऊटरच्या खोलीत बसा, लॅन केबल असेल तर लावाच. घरात कुणी त्याच वेळी मोठी फाईल अपलोड करत नाही ना, फोनमधले फोटो बॅकअप होत नाहीत ना ते बघा, अपलोडची जागा तेच खातात.

जॉईन होणाऱ्यांनी

ॲप आदल्या दिवशी अपडेट करून ठेवा. नाव नीट लावा, नाहीतर फोनच्या मॉडेलचा नंबर नाव म्हणून दिसतो आणि होस्टला आत घ्यावं की नाही कळत नाही. आत येताना म्यूट. मोबाईल आडवा धरा आणि दोन बोटांनी चित्र मोठं करता येतं ते करून बघा, कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं. डिस्कॉर्डवर नुसतं चॅनलमध्ये येऊन स्क्रीन दिसत नाही, वॉच स्ट्रीम दाबावं लागतं, नवीन माणूस तिथेच अडकतो, होस्टने आठवणीने सांगावं. लॅपटॉपवर झूममध्ये चित्र कापलेलं वाटलं तर वरच्या व्ह्यू ऑप्शन्समध्ये फिट टू विंडो करा. एकाच खोलीत दोघं असाल तर एकाच यंत्रावर बसा.

दिसत नसेल तर लगेच सांगा. आमच्या नाशिकवालीने पहिले कित्येक महिने सांगितलंच नाही, म्हणे तुम्ही सगळे रमला होतात, कशाला मध्ये बोलायचं. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. आणि कुणी खाजगी काही दाखवत असेल, घराचे फोटो, मुलांचे फोटो, तर न विचारता स्क्रीनशॉट घेऊ नका.

सिनेमा लावला आणि स्क्रीन काळी

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार शेअर केलं की बऱ्याचदा आवाज जातो पण चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो. तुमचं काही चुकलेलं नाही. या कंपन्यांचे व्हिडिओ कुलूपबंद येतात, तुमच्या पडद्यावर दिसतात पण त्यांची नक्कल दुसरीकडे पाठवता येत नाही अशी ती व्यवस्था आहे. ते कुलूप तोडायचे जुगाड लोक सांगत असतात, मी त्यात पडत नाही. एकत्र बघायचंच असेल तर टेलिपार्टी नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन आहे, आधी ते नेटफ्लिक्स पार्टी म्हणून ओळखलं जायचं. त्यात प्रत्येकजण आपापल्या अकाउंटवरून बघतो आणि प्ले-पॉज सगळ्यांचं एकदम होतं, बाजूला चॅट. अट एवढीच की प्रत्येकाकडे सबस्क्रिप्शन हवं. यात चित्र होस्टच्या नेटवरून जात नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं. यूट्यूबवरचं नाटक किंवा कीर्तन असेल तर सरळ टॅब शेअर करा, ते चालतं.

गेमचं थोडक्यात. बुद्धिबळ, चित्र काढून ओळखायचे गेम हे ब्राउझरमध्येच खेळता येतात, शेअर करायची गरज नाही, नुसता कॉल चालू ठेवा. एकाच कॉम्प्युटरवर दोघांनी खेळायचे गेम असतात त्यांच्यासाठी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ॲपवर, रिमोट प्ले टुगेदर आहे, २०१९ मध्ये आलं, गेम एकानेच विकत घेतलेला असला तरी मित्र लांबून खेळू शकतात. मात्र इथे होस्टचं नेट चांगलंच हवं.

हे मात्र मनापासून सांगते

स्क्रीन शेअर मित्रांसोबत जेवढं छान तेवढंच अनोळखी माणसासोबत घातक. माझ्या मावशीला एका संध्याकाळी फोन आला, केवायसी संपलंय, खातं बंद होईल, व्हिडिओ कॉल करतो, तुम्ही फक्त स्क्रीन दाखवा, मी सांगतो तसं करा. बोलणारा अगदी आदराने ताई-ताई म्हणत होता. तिने स्क्रीन दाखवली, ओटीपी वर आला, तिने कुणाला तो सांगितला नाही पण त्याने तो वाचला. सांगणं आणि दिसणं यात काही फरक राहत नाही हे तिच्या लक्षातच आलं नाही, येणार तरी कसं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

यात दोन प्रकार असतात. एकात समोरच्याला फक्त दिसतं, म्हणजे व्हॉट्सॲप किंवा मीटचं शेअर. दुसऱ्यात त्याला तुमचं यंत्र चालवताही येतं, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप त्यासाठीच आहेत, कामाची आहेत, पण चोरांच्या हातात तीच जातात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क वापरून होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. कुठलीही बँक तुमची स्क्रीन बघायला मागत नाही. झूममध्येही समोरचा रिमोट कंट्रोल मागू शकतो, ओळखीचा नसेल तर नाही म्हणा. सेशन चालू असताना बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडूच नका, मित्रांसमोरही नको, पैसे पाठवायचे असतील तर शेअर थांबवा, पाठवा, मग परत सुरू करा. काही झालंच तर १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन, जितक्या लवकर तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

लिंकही जपा. ग्रुपच्या बाहेर, स्टेटसवर टाकू नका. झूममध्ये वेटिंग रूम चालू ठेवा आणि शेअर कोण करू शकतं ते फक्त होस्ट असं ठेवा, ज्याची पाळी येईल त्याला तेवढ्यापुरती परवानगी द्या.

बंद करताना

आधी स्टॉप शेअर, मग गप्पा, मग निरोप. उलट केलं तर अर्धे लोक निघून गेल्यावरही तुमची स्क्रीन उरलेल्यांना दिसत असते आणि तुम्ही व्हॉट्सॲप उघडून बसलेले असता. शेअर चालू असेपर्यंत लॅपटॉपवर वर किंवा खाली तशी पट्टी दिसते, फोनवर वरच्या कोपऱ्यात छोटं चिन्ह असतं, ते गेलं का बघा. मग डू नॉट डिस्टर्ब काढा, नाहीतर रात्री घरचा फोन येतो आणि वाजत नाही.

आणि पुढच्या वेळेचा मेसेज त्याच रात्री टाका. बाहेरदेशी कुणी असेल तर प्रत्येकाची वेळ लिहूनच. आपले नऊ म्हणजे दुबईचे साडेसात, वर्षभर तेच. न्यू जर्सीचं तसं नाही, तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, म्हणून आपले रात्रीचे नऊ उन्हाळ्यात तिचे सकाळचे साडेअकरा आणि थंडीत साडेदहा. लंडनचंही बदलतं पण तारखा वेगळ्या, मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. माझा मेसेज असा असतो, तसाच उचला: शनिवार, भारत रात्री ९, दुबई ७:३०, न्यू जर्सी सकाळी ११:३०. लिंक खाली. या वेळी सांगलीकर हळदीची काढणी दाखवणार, व्हिडिओ आहे, डेटा जास्त जाईल, ज्यांचा पॅक छोटा आहे त्यांनी वायफाय बघा, नाही मिळालं तर कळवा, मी फोटो काढून ठेवेन आणि आपण फोटोच बघू.